रात्री साडेअकराचा फरसाणाचा डबा

प्रश्न थोडक्यात असा आहे. भांडुपला राहणाऱ्या आणि फोर्टातल्या एका ऑफिसात नोकरी करणाऱ्या ४१ वर्षांच्या ताईंनी विचारलंय. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याच सुमारास नवऱ्याचा धंदा बसला. घराचा हप्ता यांच्या एकट्या पगारावर आहे. दिवसभर खाणं बेताचं: सकाळी चहा, दुपारी डब्यातल्या दोन पोळ्या-भाजी, संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री सगळे झोपले की मात्र ओट्याशी उभं राहून फरसाण, खारी, मुलाची क्रीमची बिस्किटं, हाताला लागेल ते. दोन वर्षांत ११ किलो वजन वाढलं. तीनदा डाएट धरलं, तीनदा मोडलं. त्या लिहितात: "चवसुद्धा कळत नाही, तरी हात थांबत नाही. आई म्हणते, जिभेवर ताबा नाही. माझी इच्छाशक्तीच कमी आहे, की मेंदूत खरंच काही बिघडतं? कॉर्टिसॉल तपासून घेऊ का?"

ताई, मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि गेली २२ वर्षं मुंबईतच प्रॅक्टिस करते आहे. तुमच्यासारखी तक्रार असलेली माणसं माझ्याकडे सतत येतात, पण त्या तक्रारीसाठी म्हणून फार थोडी. झोप लागत नाही, चिडचिड होते, छातीत धडधडतं, असं सांगत येतात. सगळं बोलून झालं, चिठ्ठी हातात घेतली, की दाराशी थबकून म्हणतात, "डॉक्टर, अजून एक सांगायचं होतं." एका बाईंनी मला ते हातांनी करून दाखवलं होतं. स्टीलच्या डब्याचं झाकण एका बाजूनं अंगठ्यानं दाबून धरायचं आणि दुसऱ्या बाजूनं अलगद उचलायचं, म्हणजे टक् असा आवाज होत नाही. बाहेरच्या खोलीत सासरे झोपलेले, दिवा लावायची सोय नाही, म्हणून फ्रिजचं दार किंचित उघडं ठेवून त्या उजेडात खायचं. ते झाकण बिनआवाजाचं उघडायला शिकण्यात किती रात्री गेल्या असतील, हा विचार मला त्या दिवशी घरी जाईपर्यंत सोडत नव्हता. या आजारात खाण्यापेक्षा लपवणं माणसाला जास्त पोखरतं. तुम्ही ते लिहून मोकळ्या झालात, हे फार बरं केलंत.

आता मेंदूकडे येते.

ताण दोन तऱ्हेचा असतो आणि भुकेवर त्यांचा परिणाम अगदी उलटा होतो. चालती गाडी पकडताना पाय घसरला आणि कुणीतरी हात धरून आत ओढलं, तर पुढचा तासभर तुम्हाला वडापावचा वाससुद्धा नकोसा होईल. मेंदूतला हायपोथॅलॅमस त्या क्षणी जे रसायन सोडतो ते भूक मारतं, अंगात अॅड्रिनॅलिन धावतं, पोटाचं काम थांबतं. पण तोच ताण रोजचा झाला, संपण्याची तारीखच नसलेला झाला, की सूत्रं कॉर्टिसॉलकडे जातात. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींतून हे संप्रेरक येतं. त्याचं काम शरीराला पुढच्या झुंजीसाठी साठा करायला लावणं. ते भूक वाढवतं, गोड-तेलकटाकडे ओढतं आणि इन्सुलिनच्या साथीनं चरबी पोटाभोवती साठवतं. सगळ्यांचं असंच होतं असं नाही. पुष्कळ जणांची अन्नावरची वासना दीर्घ ताणात उडते, ती माणसं वाळत जातात. त्यांना कुणी "ताबा नाही" म्हणत नाही, उलट कौतुक होतं. प्रकृती वेगळी, दुखणं तेच.

पण नुसती भूक वाढली असती तर तुम्ही रात्री पोळी-भाजी खाल्ली असती. फरसाणच का? आणि चव कळत नसताना का? तुमच्या पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, म्हणून त्यावर जरा थांबते.

मेंदूत "हवंसं वाटणं" आणि "आवडणं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी हे अनेक वर्षांच्या कामातून दाखवून दिलं. उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन जवळजवळ नष्ट केलं तर ते समोरच्या अन्नाकडे जात नाहीत, भरवलं नाही तर उपाशी मरतात. पण त्यांच्या जिभेवर साखरेचं पाणी सोडलं तर चेहऱ्यावर, जिभा चाटण्यात, पूर्वीइतकीच पसंती दिसते. म्हणजे आवड शाबूत, ओढ गेलेली. याच्या उलटही होतं: ओढ भयंकर, आवड जवळजवळ नाही. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, असं सगळीकडे वाचायला मिळतं. त्या समजुतीनं तुमच्यासारख्यांचं नुकसान होतं, कारण मग वाटतं की मी मजा मारायला खाते. डोपामिन प्रामुख्यानं ओढीचं रसायन आहे. "तिकडे जा, ते घे" हे सांगणारं.

आणि ते फार लवकर इशारे शिकतं. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांवर प्रयोग केले. सुरुवातीला फळांचा रस तोंडात पडला की माकडाच्या डोपामिन पेशी चेतत. काही दिवसांनी रसाआधी लागणारा दिवा पाहूनच चेतू लागल्या, रस आल्यावर काहीच नाही. तुमच्या घरात तो दिवा कुठला, हे तुम्हीच शोधायचं. सासूबाईंचं रात्रीचं औषध देऊन झालं, बाहेरचा टीव्ही बंद झाला, पंख्याचा तेवढा आवाज उरला, यांपैकी काहीतरी. तो क्षण आला की ओढ सुरू झालेली असते. डब्यापर्यंत तुम्ही पोहोचता तेव्हा मेंदूतला अर्धा खेळ होऊन गेलेला असतो.

यात ताण काय करतो? सिडनीच्या गार्व्हन इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांचं २०२३ साली प्रसिद्ध झालेलं काम मला इथं आठवतं. मेंदूच्या खोलात लॅटरल हॅबेन्युला नावाचा एक छोटासा भाग आहे. त्याला मी रुग्णांपुढे "पुरे म्हणणारी आजी" म्हणते. चमचमीत खाणं काही काळ झालं की तो भाग चेततो आणि ओढ लावणाऱ्या यंत्रणेला आवरतं घ्यायला लावतो, म्हणून चौथी जिलबी पहिलीइतकी खेचत नाही. या संशोधकांना असं दिसलं की तेलकट आहारावरच्या उंदरांना दीर्घकाळ ताणात ठेवलं की तो भाग गप्प बसतो. आजी "पुरे" म्हणतच नाही. हे उंदीर त्याच आहारावरच्या बिनताणाच्या उंदरांच्या दुप्पट वजन कमावून बसले. पुढे साध्या पाण्याबरोबर कृत्रिम गोडीचं पाणी ठेवलं, ज्यात उष्मांक नाहीत, नुसती गोडी आहे. तेही ताणातल्या उंदरांनी इतरांच्या तिप्पट प्यायलं. पोटाला त्यातून काही मिळत नव्हतं. हे उंदरांतलं आहे, माणसाला जसंच्या तसं लावायचं नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. पण "पोट भरलंय, चव लागत नाही, तरी हात जातोय" असं कुणी सांगितलं की मला ते उंदीर दिसतात.

दुसरी गोष्ट सवयीची. कपाळामागचा मेंदूचा भाग, जो "थांब, विचार कर" म्हणतो, तो दीर्घ ताणात अशक्त होतो आणि ठरावीक कामं न विचारता करणारा भाग बळावतो. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २००९ साली उंदरांत हे दाखवलं. त्यांचं पुढचं काम मला जास्त जवळचं वाटतं. डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेसाठी महिनोन् महिने घासणारी मुलं त्यांनी तपासली. बटण दाबलं की खायला मिळेल, अशी चाचणी होती. एखाद्या पदार्थानं मन भरलेलं असूनही ती मुलं त्याचंच बटण दाबत राहिली, सवयीनं. परीक्षा संपून सहा आठवडे झाल्यावर पुन्हा तपासलं, तर त्यांचं निर्णय घेणं इतरांसारखं झालेलं होतं. म्हणून ताई, "बिघडलंय का?" या प्रश्नाला माझं उत्तर असं: बदललंय नक्की, पण कायमचं मोडलेलं नाही. ताण उतरला की मेंदू बराचसा परत फिरतो.

आणखी एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. खाल्ल्यावर तुम्हाला थोडा वेळ बरं वाटत असेल, तर तो भास नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधक मेरी डॅलमन यांनी २००३ मध्ये मांडलं की ताणातल्या प्राण्यांना चरबी आणि साखर खायला मिळाली की त्यांची ताणाची यंत्रणा खरोखर थोडी शांत होते. म्हणजे रात्रीचा फरसाण तुमच्यासाठी एक औषध झालाय. वाईट औषध, महागात पडणारं, पण दोन वर्षं घरात दुसरं कुठलंच औषध नव्हतं. हे समजल्याशिवाय डबा काढून घेतला तर काय होतं, ते तुम्ही तीनदा पाहिलंय.

तुमची डाएटं का मोडली, याचं निम्मं उत्तर तुमच्या दिवसभराच्या जेवणात आहे. तुम्ही ते "बेताचं" म्हणता, मला ते अर्धपोटी दिसतं. सकाळी नुसता चहा, दुपारी दोन पोळ्या, मग रात्री नऊपर्यंत फक्त चहा आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून उभ्यानं प्रवास. यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. डाएट धरलं की त्यातली एक पोळी गेली असणार. भुकेल्या मेंदूत ओढ आणखी वाढते, त्यात ताण, त्यात रात्र. कुणाचाही बांध फुटेल. माझाही.

आणि झोप. तुम्ही झोपेबद्दल लिहिलेलं नाही, पण साडेअकराला ओट्याशी असणारी आणि सकाळची गाडी गाठणारी बाई किती झोपते याचा हिशेब सोपा आहे. शिकागोत २००४ साली १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. दहा तासांच्या रात्रींशी तुलना केली तर पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त. आणि ओढ कशाची वाढली? गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. तुमच्या ओट्यावरची यादीच.

तपासण्यांचं पटकन सांगते. कॉर्टिसॉल उगीच तपासू नका. ते सकाळी उठल्यावर सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं, प्रवास, जागरण, सुई टोचण्याची भीती, कशानंही हलतं. एका आकड्यावरून ताण मोजता येत नाही. मांड्या-पोटावर रुंद जांभळट चरे उठले असतील, जरा लागलं तरी काळंनिळं पडत असेल, बसल्यावरून उठताना मांड्यांत जोर नसेल, चेहरा गोल सुजल्यासारखा झाला असेल, तर ती वेगळी गोष्ट. तेव्हा एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांकडे, जायचं. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी बराच काळ स्टेरॉइड घेत असाल तर तेही सांगा. बाकी थायरॉइडची टीएसएच आणि तीन महिन्यांच्या साखरेची एचबीएवनसी करून घ्या. टेपनं कंबर मोजा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर, पुरुषांसाठी ९० च्या वर गेली की लक्ष द्यायचं. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका ब्रिटिश सहकाऱ्याबरोबरचा स्वतःचाच फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण सहकाऱ्याच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपली शरीरं दिसायला बारीक असूनही चरबी साठवणारी आहेत, म्हणून पोटाचा घेर वजनाच्या काट्यापेक्षा मला जास्त सांगतो.

आता करायचं काय. मी तुम्हाला डबा बंद करायला सांगणार नाही. निदान पहिले तीन आठवडे नाही. त्याऐवजी संध्याकाळी ऑफिसातून निघण्याआधी, पाचच्या सुमारास, पोटभर काहीतरी खा: दोन उकडलेली अंडी, किंवा मूठभर चणे-शेंगदाणे आणि केळं, किंवा सकाळीच डब्यात वेगळी भरलेली मटकीची उसळ. सकाळच्या चहाबरोबर एक थालीपीठ किंवा दही-पोळी. हे वजन कमी करण्याच्या अगदी उलट वाटेल आणि तुमची आई कदाचित म्हणेलही की आता दिवसासुद्धा खायला लागली. खा. रात्रीच्या ओढीतला भुकेचा भाग यानं गळून पडतो, आणि मग उरलेला ताणाचा भाग उघडा दिसतो. तो भाग किती आहे हे तुम्हाला स्वतःला कळणं फार गरजेचं आहे.

रात्री जेव्हा खायचं तेव्हा दिवा लावून, ताटलीत काढून, बसून खा. एवढंच. किती खायचं ते सध्या मोजू नका. माझ्याकडचे एक बसचालक होते, डबल ड्युटी करून आले की रात्री खारीचा आख्खा पुडा संपवायचे. त्यांना मी एवढंच सांगितलं होतं. दुसऱ्या आठवड्यात ते आले आणि म्हणाले, "मॅडम, चौथ्या खारीला कळलं की ही मऊ पडलीय. एवढे दिवस मऊच खात होतो बहुतेक." ते स्वतःच हसले आणि मग रडले. मोठा मुलगा दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता, त्याबद्दल ते त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. अंधारात उभ्यानं खाताना सवयीचा मेंदू काम करतो. उजेडात बसलं की आवड-नावड पुन्हा जागी व्हायला वाव मिळतो, आणि ती जागी झाली की पुष्कळदा हात आपोआप थांबतो.

स्टेशनपासून घरापर्यंतच्या वाटेत दहा मिनिटं स्वतःसाठी काढता आली तर काढा. कुठं बसा, कुणाशी फोनवर बोला, किंवा नुसतं चाला. तुमचा दिवस ऑफिसच्या खुर्चीतून थेट सासूबाईंच्या पलंगाशी पोहोचतो, मध्ये उतरायला जागाच नाही. मग ती जागा रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात सापडते. माझ्या मते तो फरसाण म्हणजे दिवसातली तुमची एकमेव सुट्टी आहे, आणि म्हणूनच तो सुटत नाही.

हल्ली वजनाच्या इंजेक्शनांबद्दलही सगळे विचारतात. ती भूक आणि ओढ दोन्ही कमी करतात, योग्य माणसाला उपयोगी पडतात, मी त्यांच्या विरोधात नाही. पण त्यांचा निर्णय तुमच्या तपासण्या बघून डॉक्टरांनी घ्यायचा. केमिस्टच्या किंवा मैत्रिणीच्या सांगण्यावरून नको.

एक गोष्ट मात्र लांबवू नका. आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने, थोड्या वेळात खूप खाल्लं जातंय, थांबवता येत नाही आणि नंतर स्वतःची किळस वाटते, असं असेल तर त्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. २०१३ पासून तो अमेरिकन मनोविकार संघटनेच्या यादीत स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे. त्याला समुपदेशनाचे चांगले उपचार आहेत, काहींना औषधंही लागतात. त्याबरोबर पहाटे लवकर जाग येणं, कशातच मन न लागणं, "आपण नसतो तर बरं" असे विचार येत असतील तर या आठवड्यातच कुणाला तरी दाखवा. परळ, शीव, मुंबई सेंट्रल इथल्या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी चालते, केसपेपरच्या नाममात्र पैशांत. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानस हा सरकारी दूरध्वनी १४४१६ वर चोवीस तास आहे, मराठीतूनही बोलता येतं.

आणि शेवटचं, जे तुम्ही विचारलं नाहीत. तुमच्या आख्ख्या पत्रात सासूबाईंचं करणारी दुसरी व्यक्ती मला कुठेच दिसली नाही. नवरा सध्या घरी आहे असं त्यावरून वाटतं. दीर-नणंद आहेत की नाही माहीत नाही. दोन रात्री सासूबाईंची औषधं आणि कूस बदलणं नवऱ्यानं करायचं, आणि त्या दोन रात्री तुम्ही दहाला आडवं व्हायचं, एवढं या आठवड्यात ठरवता येईल का? त्यांना नीट समोर बसवून सांगा, भांड्यांचा आवाज करून नको. बसलेल्या धंद्याचं दुःख त्यांनाही खात असेल, आईचं करायला मिळालं तर त्यांचाही दिवस जरा भरेल. हवं तर हे उत्तर वाचायला द्या. वारसुद्धा आधीच ठरवून घ्या, मंगळवार आणि शुक्रवार म्हणा. "कधीतरी करीन"वर सोडलं की ते तुमच्याकडेच परत येतं.